रक्तात काही सापडलं नाही

न्हाणीघरातली बादली कधीच भरून वाहायला लागली होती, हे शिवगंगाला आवाजावरनं कळलं. भरत्या बादलीचा आवाज वर चढत जातो, भरल्यावर तो सपाट होतो. सपाट आवाज बराच वेळ येत राहिला. आत सिद्धलिंग होता. तिचा नवरा, वय एकाहत्तर, शाहूपुरीतल्या ह्या घरात ज्यानं चाळीस वर्षं पाण्याच्या थेंबाथेंबावरनं सगळ्यांना बोल लावला होता. ती दाराशी गेली, हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, अडकत अडकत येणारा, तोंडावर टॉवेल दाबून धरल्यावर येतो तसा. तो रडत होता. त्यासाठीच नळ सोडला होता. ही युक्ती तिच्या ओळखीची होती. ह्याच न्हाणीघरात, हाच नळ सोडून, तिनं सहा वर्षं ती वापरली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. किंवा लागला असेल, पण कुणी दार वाजवलं नव्हतं. आता दाराच्या ह्या बाजूला ती उभी होती. तिला भीती वाटायला हवी होती. निदान कणव यायला हवी होती. पण तिला बरं वाटलं. थंडीत दमून आल्यावर कुणीतरी न मागता ऊन पाणी पायावर घालावं, तसं बरं. ती तशीच मागं फिरली आणि चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी उतरवलं.

दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी होता. दुकान मुलगा सोमशेखर बघत होता. पंपाच्या सुट्या भागांचं दुकान, शाहूपुरीतच, घरापासून चालत पाच मिनिटांवर. सिद्धलिंग रोज नऊला जाऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसायचा आणि गिऱ्हाइकानं रिक्षातनं आणलेला पंप चालू केला की तो उघडून बघायच्या आधीच सांगायचा, बेरिंग गेलंय. बाहेरच्या बाजूचं. आवाजावरनं ओळखायचा. कागल, राधानगरीकडनं शेतकरी मुद्दाम त्याच्यासाठी यायचे. त्या कानांचं शिवगंगाला फार नवल वाटायचं. लोखंडाच्या घशातली घरघर ज्याला दहा पावलांवरनं कळत होती, त्याला शेजारी झोपणाऱ्या बायकोचा आवाज बसून बसून पुरुषासारखा घोगरा झाला, तो सहा वर्षं ऐकू आला नाही. आला असेल तर तो म्हणाला एवढंच, "बोलतीस कशी बघ. रेड्यागत."

त्या दिवसानंतर ती त्याच्याकडं बघायला लागली. इतकं निरखून तिनं त्याच्याकडं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. पहाटे साडेतीन-चारला त्याला जाग येते आणि मग तो कुशीवर न वळता आढ्याकडं बघत पडतो. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडलेली. चहा पुढ्यात ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत तो कपाच्या कानात बोट घालून बसून राहतो. आंघोळीनंतर डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतो, कपाळाला विभूती ओढतो आणि तिथंच थांबतो. हात तसाच, डोळे उघडे, आणि ओठ हलत नाहीत. एकेक खूण ती मनात मिळवून घेत होती. ही माझी. हीसुद्धा माझी. आपलं लुटलेलं सामान दुसऱ्याच्या घरात दिसावं आणि एकेक भांडं ओळखू यावं, तसं तिला होत होतं. फरक इतकाच की हे सामान त्याच्याकडं आहे हे बघून तिला आनंद होत होता.

तिचं सुरू झालं होतं एकोणनव्वद साली, पन्नाशीला. आधी थंडी. एप्रिलमध्ये, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, ती स्वेटर घालून भाकरी थापायची. मग केस. मग हातापायात कुणी ओली वाळू भरल्यासारखा जडपणा, चेहरा फुगलेला, जीभ तोंडात मावेना. आणि मग ते दुसरं, ज्याला तिच्याकडं शब्द नव्हता. सकाळ झाली की छातीवर कुणीतरी पाट ठेवून त्यावर बसायचं. नागरत्नाच्या, तिच्या मुलीच्या, लग्नात ती मांडवात बसून हुंदके देत होती तेव्हा लोकांना वाटलं लेक जाते म्हणून रडते. ती लेकीसाठी रडतच नव्हती. कशासाठी रडते तेच कळत नव्हतं, म्हणून रडत होती. घरच्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली. सिद्धलिंगनं ताकदीचं बोलणं दिलं. "बसून खाल्लं की अंग जड हुनारच." "जरा हातपाय हलीव, मन आपोआप ताळ्यावर येतंय." "तुला कशाची कमी हाय? सांग की. सांग, आत्ता आणतो." आणि पाहुण्यांसमोर, हसत हसत, "सोंग हाय वो. आमच्याकडं रोज नाटक, तिकीट न्हाय."

त्यानं कबनूरहून आपल्या विधवा बहिणीला, अंबूबाईला, घर बघायला आणलं. स्वयंपाकघर तिच्या हातात गेलं. शिवगंगाला त्याचंही काही वाटलं नव्हतं, वाटण्यासाठी लागतं ते आतलं काहीतरीच विझलं होतं. वाटलं ते एकाच गोष्टीचं. ब्याण्णव साली नागरत्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळणा झाला, बायका जमल्या, कुणीतरी बाळ उचलून आजीच्या मांडीवर द्यायला निघालं आणि सिद्धलिंग बाहेरच्या सोप्यातनं मोठ्यानं म्हणाला, "तिच्याजवळ नगासा देऊ. तिचा काय नेम हाय? झोप लागली तर अंगाखाली घील पोराला." बायका हसल्या नाहीत. तेच वाईट झालं. हसल्या असत्या तर ते नेहमीच्या बोलण्यात जमा झालं असतं. बाळ अंबूबाईच्या मांडीवर गेलं आणि तेराव्या दिवशी नागरत्नाच्या सासूनं गाडी मागवली. सव्वा महिना राहणार असलेली लेक चिकोडीला सासरी परत गेली. पुढं कधी आली तरी मुलीला कडेवरनं खाली उतरवायची नाही.

पंचाण्णवच्या दिवाळीनंतर शिवगंगा जिन्यावरनं पडली आणि मनगट मोडलं, म्हणून राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंनी मनगट बघायच्या आधी तोंडाकडं बघितलं. जीभ बाहेर काढायला लावली. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय पुढं गेला आणि परत यायला इतका वेळ लागला की बाई स्वतःशीच मान हलवत राहिल्या. रक्त मुंबईला पाठवलं. पाच दिवसांनी कागद आला. जो आकडा पाचाच्या आत असायला हवा, तो शंभराच्या वर होता. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मेली होती, कधीची. "सहा वर्षं यांना कुणी बघितलंच नाही का?" बाईंनी विचारलं. सिद्धलिंग खुर्चीत चुळबुळला. म्हणाला, "मनाचंच दुखणं हाय म्हणत हुते समदे." "मनाचं असेलही. पण ते इथनं सुरू झालं," बाई म्हणाल्या, "रक्त खोटं बोलत नाही." आणि बारीक पांढरी गोळी लिहून दिली, रोज उपाशीपोटी एक, जन्मभर.

तीन महिन्यांत ती परत आली. कुठनं आली ते सांगता येणार नाही. एका सकाळी दोडक्याची शीर काढताना तिला दोडक्याचा वास आला, आणि ती तशीच बसून ते दोडकं नाकाशी धरून हुंगत राहिली. अंबूबाई कबनूरला परत गेली. स्वयंपाकघर परत मिळालं. तिला वाटलं, आता तो काही बोलेल. माफी असला शब्द तिच्या मनात नव्हता. त्यांच्यात असले शब्द नव्हतेच. निदान, चुकलं माझं, किंवा चुकलं आमचं. तो एका रविवारी सोप्यात बसून व्याह्यांना सांगताना तिनं ऐकलं, "तिला मीच न्हेलं की डॉक्टरकडं. म्हटलं रक्त बघा. बरोबर घावलं." त्या क्षणी तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं सांडला नाही. सगळ्यांना चहा दिला. पण तेव्हापासून सात वर्षं तिच्या आत काहीतरी एका जागी ठेवलेलं होतं, झाकून, धार न बोथट होऊ देता. त्याचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी कळलं.

मार्च लागला तसं तिनं त्याची वाक्यं त्याला परत द्यायला सुरुवात केली. घाई केली नाही. तो दुपारी खिडकीशी नुसता बसलेला असायचा, तेव्हा ती गव्हाचं ताट घेऊन समोर बसायची. "बसून ऱ्हायलं की असंच हुतंय," ती खडे वेचत म्हणायची. "जरा हातपाय हलवा. मन आपोआप ताळ्यावर येतंय." तो तिच्याकडं बघायचा, पण त्या बघण्यात ओळख नसायची, आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून येतंय हे त्याला कळत नव्हतं. तिला ते कळायला हवं होतं. "तुमाला कशाची कमी हाय?" एकदा तिनं अगदी जवळ जाऊन विचारलं. "सांगा की. सांगा, आत्ता आणती." तो म्हणाला, "तसं न्हाय गं. काय न्हाय. नुसतं... नकोच वाटतंय." तिला तो आवाज, ते 'नुसतं' आणि त्यानंतरची ती पोकळी आतल्या आत इतकी माहीत होती की क्षणभर तीच तिथं बसली आहे आणि विचारणारा तो आहे असं तिला वाटलं. ती उठून आत गेली. हात धुतले. गव्हाचे हात कुणी धुतं का, तरी धुतले.

सून दानेश्वरी शाळेत शिकवायची आणि तिला डोळे होते. "आत्ती, मामांचं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "पाच-सात किलो तरी उतरलेत. डॉक्टरला दाखवूया."

"वयाचं हाय ते," शिवगंगा म्हणाली.

सोमशेखर जेवत होता. तो वर न बघता म्हणाला, "कसलं वय. दुकानात यायचा कंटाळा. अप्पा जरा नाटक कराय लागलेत हल्ली." तो सहज बोलला, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, आणि ते 'नाटक' शिवगंगाच्या पाठीतनं सरकन खाली गेलं. हा शब्द तिनं त्याला शिकवला नव्हता. तो कुठं शिकला ते तिला माहीत होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ह्याच पाटावर बसून, तोंडात घास घेऊन, तो ऐकत होता. दानेश्वरी नवऱ्याकडं एकटक बघत राहिली, ह्या माणसाबरोबर आपल्याला म्हातारं व्हायचं आहे असं मनात आल्यासारखी. "मी न्हेते त्यास्नी," शिवगंगा एकदम म्हणाली. "रक्त बघूया."

ती का म्हणाली, हे कुणाला कळलं नाही. दानेश्वरीला वाटलं सासूला दया आली. शिवगंगाच्या मनात मात्र ते वाक्य होतं, रक्त खोटं बोलत नाही. तिच्या सहा वर्षांची साक्ष रक्तानं दिली होती. आता त्याच्या रक्तानं बोलावं. आणि काही बोलू नये. सगळे आकडे जागच्या जागी असावेत, कागद कोरा करकरीत यावा, आणि तो तिनं त्याच्यापुढं धरावा, बघा. माझं होतं. तुमचं न्हाय. तुमचं सोंग. तपासणीला रक्त देताना तो लहान मुलासारखा मान फिरवून भिंतीकडं बघत होता आणि नळीत चढणाऱ्या काळपट रक्ताकडं ती टक लावून बघत होती. देवाला तिनं आयुष्यात बरंच काही मागितलं होतं. असलं कधी मागितलं नव्हतं.

मागितलं ते मिळालं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व, सगळं नीट. डॉक्टरीणबाई आता थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. सिद्धलिंगशी त्या अर्धा तास एकट्या बोलल्या, मग त्याला बाहेरच्या बाकावर बसवून शिवगंगाला आत बोलावलं. "रक्तात काही नाही," त्या म्हणाल्या. शिवगंगाच्या छातीत काहीतरी फुलून वर आलं. "म्हणजे आजार नाही असं समजू नका. हे डिप्रेशन आहे, उतारवयातलं, आणि बरंच खोल गेलंय. तुमच्या वेळी रक्तानं सांगितलं, ते नशीब. ह्याची अशी एक खूण रक्तात अजून कुणाला पक्की सापडलेली नाही. शोधणारे शोधतायत. तोवर आपण माणसाकडंच बघायचं." त्यांनी गोळी लिहून दिली, रोज रात्री जेवणानंतर एक. "लागू पडायला महिना जातो. मध्येच सोडायची नाही. मरणाबद्दल काही बोलले तर लगेच माझ्याकडं आणायचं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही ह्यातनं गेलाय."

व्हय, शिवगंगा मनात म्हणाली. गेली की. एकटी गेली.

रिक्षात तो म्हणाला, "काय म्हणाल्या?" ती म्हणाली, "नॉर्मल हाय समदं." त्यानं रस्त्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मग असं का हुतंय?" तिनं रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. घरी तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. नॉर्मल. ताकदीची गोळीसुद्धा दिली न्हाई. रिपोर्टचे कागद तिनं टीव्हीवर ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. गोळीचा कागद चार घड्या करून आपल्या लुगड्यांच्या ट्रंकेत सगळ्यात खाली सारला. सोमशेखरनं खांदे उडवले. दानेश्वरी रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत राहिली, पण आकड्यांपुढं तिचंही काही चालेना.

एप्रिल, मे, जून. इतकं लांब ती जाईल असं तिला स्वतःला वाटलं नव्हतं. आधी वाटलं आठ दिवस. त्याला आठ दिवस कळू दे. मग, सहा वर्षांतले आठ दिवस म्हणजे काय? एक महिना तरी. प्रत्येक वेळी मुदत संपली की तिला एखादा जुना दिवस आठवायचा आणि ती मुदत वाढवायची. तो आता दाढी करायचा नाही. दुपारी ती ट्रंक उघडून कागद चाचपायची, आहे ना, आणि परत सारायची. कधी कधी त्याच्याकडं बघताना ती कागद काढायला उठायची. पण तेव्हा तिला सोप्यातला तो आवाज ऐकू यायचा, मीच न्हेलं की डॉक्टरकडं, आणि ती परत बसायची. मरणाबद्दल तो काही बोलला नाही. ती त्याच्यावर कान ठेवून होती. बोलला असता तर तिनं काय केलं असतं, हा प्रश्न ती स्वतःला पडू देत नव्हती.

जूनच्या शेवटी त्याच्यात फरक पडला. तो खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालायला लागला. पाऊस पडत असताना त्याला घाम यायचा. पेला धरला की बोटं थरथरायची. भूक लागते म्हणायचा आणि तरी आणखीनच वाळत चालला. रोज सकाळी तो तिच्या आधी स्वयंपाकघरात दिसायचा. तो हलतोय-फिरतोय बघून शिवगंगाला वाटलं, ही ह्याची सुटका होतेय, माझ्या मदतीशिवाय. आणि तिला त्याचा राग आला. त्याच सुमाराला तिची गोळ्यांची बाटली लवकर संपली. शंभर गोळ्या, शंभर दिवस. ती महिना-दीड महिन्यातच तळाला लागली. औषधाच्या दुकानदारानं विचारलंसुद्धा, "काकू, एवढ्यात संपली?" तिला वाटलं आपणच कधी सांडल्या असतील. वय झालं आपलंही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, तो सोप्यात खांबाला धरून उभा होता तसा खाली बसला. छातीत पाखरू फडफडावं तसं त्याचं हृदय उडत होतं. दानेश्वरीनं मनगट धरलं तर ठोके मोजता येईनात. रुग्णालयात दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. तिसऱ्या दिवशी राजारामपुरीच्या डॉक्टरीणबाई त्याला बघायला आल्या, तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. सोमशेखर, दानेश्वरी आणि शिवगंगा भोवती होते. बाईंनी हातातला कागद दोनदा वाचला. "यांच्या रक्तात थायरॉइडचं औषध आहे," त्या म्हणाल्या. "रोज दोन-तीन गोळ्या घेत असणार. थोडक्यात वाचलेत. कुणी दिल्या?"

शिवगंगाला लवकर संपलेली बाटली आठवली. शेवटी त्याच्या रक्तात खूण सापडली होती, आणि ती तिची होती.

"मीच घेतल्या," सिद्धलिंग चादरीकडं बघत म्हणाला. "हिच्या बाटलीतनं."

"का?"

"तिला लागू पडलीती. तिचंबी हे असंच हुतं. सकाळी उठलं की छातीवर कोणतरी बसल्यागत. तवा मला कळलं न्हवतं. म्हटलं, तिला पडली तर मलाबी पडंल."

"मग मागायची होती," दानेश्वरी हळू म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा शिवगंगाकडं बघितलं. "तिनं दिली नसती," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. बेरिंग गेलंय, बाहेरच्या बाजूचं, असं सांगावं तसं तो बोलला.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "पण मार्चमध्ये मी वेगळी गोळी लिहून दिली होती. रात्रीची. ती चालू होती ना?"

शिवगंगानं बघितलं, त्याच्या चेहऱ्यावरनं काहीतरी सरकत गेलं. गोळी होती हे त्याला आत्ता कळत होतं. चार महिने ती घरात कागदावर होती आणि ती कुणी दाबून ठेवली हेही त्याला त्याच दमात कळलं असणार, कारण त्याला कळायला वेळ लागत नसे, कुठल्याही यंत्रातलं. तो लगेच बोलला. "ती देत हुती. रोज देत हुती. मीच थुकून टाकत हुतो."

सोमशेखरनं सुस्कारा सोडला. "अप्पा, काय तुमी पण."

शिवगंगाच्या डोळ्यांपुढं लाल झालं. परत. परत त्यानं घेतलं. मीच न्हेलं, मीच थुकलं. तिचं दुखणं त्याचं, तिचं बरं होणं त्याचं, आता तिनं सात वर्षं जपून धार लावून केलेलं हे एकच काम, तेही तो आपल्या नावावर घेऊन तिला मोकळी करत होता, सगळ्यांदेखत, मोठ्या मनानं. त्याची ही दया तिला नको होती. तिच्या लेखी ती त्याच्या सगळ्या शिव्यांहून जड होती.

"खोटं बोलत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. शेजारच्या खाटेजवळच्या बाईनं वळून बघितलं. "मी गोळी आणलीच न्हाय. कागद माझ्या ट्रंकंत हाय. मी मुद्दाम दिली न्हाय."

सोमशेखर उभा राहिला. "अव्वा? मुद्दाम? का?"

"नागरत्नाला तेराव्या दिवशी गाडीत घालून लावून दिली, तवा का म्हणून तू इचारलं न्हाईस," ती म्हणाली. "तू दारातच हुतास. चोवीस वर्षाचा हुतास." मग तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण शब्द एकमेकांत अडकले आणि ती पदर तोंडाशी न लावता, नळ न सोडता, तिथं उभी राहून रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला थोपटलं नाही. खिशातनं पेन काढून त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहिली. "ह्यांचं हृदय ताळ्यावर आलं की सुरू करायची," त्या म्हणाल्या, आणि कागद कुणाच्या हातात द्यावा हे न कळून क्षणभर धरून राहिल्या. सिद्धलिंगनं शिवगंगाकडं हनुवटी केली. "तिच्याकडंच द्या."

ऑगस्टमध्ये तो घरी आला. सोमशेखर आईशी पंधरा दिवस बोलला नाही. जेवायला वाढलं की ताट ओढून घ्यायचा. दानेश्वरी बोलत होती, पण एकदा तिनं अवघडून विचारलंच, "आत्ती, गोळी मी देत जाऊ का?" "न्हाय," शिवगंगा म्हणाली, "मीच देणार." तिची नवी बाटली आता कपाटात कुलपात असायची, त्याच्या गोळ्या मात्र उघड्यावर, देवळीत.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला आपल्याच हातात धरला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. ठरवून काही केलं नव्हतं. "नव्वद सालच्या पाडव्याला," ती म्हणाली, "तुमच्या मामाच्या पोरांपुढं तुमी म्हणालासा, हिला घरी ठिवण्यापेक्षा म्हस पाळली असती तर दूध तरी दिलं असतं." तो गोळीकडं बघत होता. "म्हणालो असंन," तो म्हणाला. तिनं पेला पुढं केला. त्यानं गोळी गिळली.

दुसऱ्या रात्री दुसरं. तिसऱ्या रात्री तिसरं. तिच्याकडं पुष्कळ होती, साल-वारासकट, कुणासमोर, कुठल्या खोलीत. एका गोळीला एक. आवाज न चढवता ती सांगायची, भाजीचा भाव सांगावा तसं, आणि पेला धरून थांबायची. तो कधी डोळे मिटून ऐकायचा, कधी तिच्या पायांकडं बघत. उत्तर एकच असायचं. म्हणालो असंन. ते 'असंन' तिला रोज टोचायचं. त्यात तो स्वतःला जेमतेम मावेल एवढी जागा ठेवत होता, आणि त्या फटीतनं रोज सुटून जात होता. राग आला की तिला झोप चांगली लागायची. दानेश्वरी दाराआडनं ऐकत असायची हे तिला माहीत होतं. ऐकू दे.

सप्टेंबरच्या मध्यावर त्याला दुपारची भूक लागायला लागली. एकदा तो दुकानापर्यंत चालत जाऊन आला. विभूती लावल्यावर त्याचे ओठ आता हलत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या महिना जातो. सहा आठवडे गेले. तो बरा होतोय हे तिला दिसत होतं आणि त्याचा तिला आनंद होत नव्हता, दुःखही होत नव्हतं. फक्त एक घाई वाटायला लागली. बरा झाला की हा ऐकून घेणार नाही. अजून कितीतरी राहिली होती.

त्या रात्री तिनं अगदी साधं काढलं. इतकं लहान, की तिचं तिलाही ते आधी आठवलं नव्हतं. संध्याकाळी भाकऱ्या करताना तव्यापाशी आठवलं. "अंबूबाई नवीन आल्या हुत्या," ती म्हणाली. "तुमी जेवत हुता. मी वाढायला आले. तुमी त्यास्नी म्हणालासा, तू वाढ, हिच्या तोंडाकडं बघून जेवण जात न्हाय."

तो गोळी दोन बोटांत धरून बसला. ती पेला धरून थांबली.

"म्हणालो," तो म्हणाला.

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"तुझ्या हातात भाकरीची चवड हुती," तो म्हणाला. "तशीच हुबी ऱ्हायलीस. मग चवड खाली ठिवलीस आणि ताटाभोवती सांडलेलं वेचाय लागलीस. सांडलं कायच न्हवतं." त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते आणि पुष्कळ दिवसांनी त्यात कुणीतरी होतं. "ते मी बघितलं हुतं."

शिवगंगाच्या हातातला पेला जड झाला. सहा आठवडे ती ज्या शब्दावर रोज तुटून पडत होती, तो शब्द आज जागेवर नव्हता, आणि तिचा तोल गेल्यासारखा झाला. बघितलं होतं. म्हणजे ती तिथं होती, जमिनीवर, नसलेलं वेचत, आणि कुणीतरी ते बघत होतं. ह्यानं राग वाढतो की निवतो हे तिला तिथल्या तिथं ठरवता येईना. तिनं पाणी पुढं केलं. त्यानं गोळी घेतली, पेला परत दिला आणि उठला नाही. रोज तो पेला दिला की उठायचा.

तिनं पेला खाली ठेवला, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि त्या रात्री, त्याच एका गोळीवर, त्याला दुसरंही सांगायला सुरुवात केली.